दोन ओळींची ओळख

बेलापूर,
ता. २२ जून १९४७

चि. गोरक्षनाथ यास विष्णुपंत निसळ याचे अनेक आशीर्वाद.

शाळेचा शिक्का पाहून दचकू नकोस. तुझ्याकडे ग्रंथालयाचे एकही पुस्तक बाकी नाही. पत्र लिहायला बसण्याआधी मी रजिस्टर पाहून घेतले आहे.

कारण असे. हस्तलिखित वार्षिकांच्या कपाटाला उन्हाळ्याच्या सुटीत वाळवी लागली. बाकीच्या वर्षांचे अंक वरच्या फळीवर होते, ते वाचले. तुमच्या वर्षाचा, सन १९४४ चा, खालच्या फळीवर होता. लढाईमुळे कागद मिळेना म्हणून तो आपण जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर काढला होता. तो कागद वाळवीला अधिक गोड लागला असावा. संपादकीय, चार कविता आणि 'प्रवरेकाठची संध्याकाळ' हा निबंध, सर्व फस्त. त्याचे मला विशेष वाईट वाटले नाही. पण मॅट्रिकच्या मुलांच्या ओळखी गेल्या, त्याचे वाटले.

तुला ठाऊक आहे, तरी नोंद असावी म्हणून लिहितो. मॅट्रिकचा वर्ग शाळा सोडताना प्रत्येकाची एक ओळख लिहायची, निरोपाच्या समारंभात ज्याची त्याने ती उभे राहून वाचायची आणि मग ती वार्षिकात लावायची, ही पद्धत या शाळेत मी पाडली. कारकुनाने हे का करावे, असे तेव्हा काहींनी विचारले होते. मी म्हणालो, मास्तर मुलांना तासाला पाहतात. मी त्यांना येताना, जाताना, मैदानावर आणि माठाशी पाणी पिताना पाहतो. मी स्वतः मराठी सातवीपुढे कोणत्याही वर्गात बसलेलो नाही. इंग्रजी शिकलो ते कोश उघडून, एकेका पानाने. हायस्कुलात बसलेला मुलगा ही काय चीज असते ते मला बाहेरून पाहावे लागते, म्हणून मी नीट पाहतो.

माझ्या कच्च्या वहीवरून त्या वर्षाच्या अकरा ओळखी मी पुन्हा लिहून काढत आहे. त्यांतल्या तीन खाली उतरवल्या आहेत. चूक दिसली तर कळव. अंदाजाने काही सांगू नकोस.

"शामकांत. स्नेहसंमेलनाच्या नाटकात राणी. मिसरूड फुटल्यामुळे एका दिवसात दोनदा दाढी करावी लागली. तिसऱ्या अंकात निऱ्या सुटल्या. त्या डाव्या मुठीत धरून राहिलेला सगळा प्रवेश याने एका हाताने केला. प्रेक्षकांत कोणाच्या लक्षात आले नाही. प्रस्तुत लेखकाच्या आले."

"सुचित्रा. वर्गातील एकमेव विद्यार्थिनी. चार वर्षे टेबलाजवळच्या वेगळ्या बाकावर एकटी बसली. नगरच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी. बोलताना उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर दाबून धरते, म्हणजे आवाज कापत नाही. ही युक्ती तिची स्वतःची. शाई कोणाकडे मागितली नाही, दिली मात्र पुष्कळांना. मुले तिला हसली तेव्हा ती रडली नाही, आणि पुढे तीच मुले सहामाहीत गणिताला आपटली तेव्हा ती हसली नाही."

"गोरक्षनाथ. हुतुतूच्या संघाचा नायक. एका दमात अडतीस सेकंद (ता. ९ जानेवारी, शाळेच्या घड्याळावर). हाच दम इंग्रजीच्या तासाला पहिल्या वाक्यातच तुटतो. मामाच्या घरून शाळेपर्यंत पायताण हातात घेऊन येतो आणि फाटकाशी पायात घालतो. कारण विचारता म्हणाला, 'झिजतंय.' रागावला की गप्प बसतो. हसला की बाक हलतो."

सवडीने उत्तर दे. इकडे घाई नाही. शाळा सुटली की आवारात मी आणि शिपाई भीमा. भीमाही सहाला घरी जातो. त्यामुळे नक्कल करायला निवांतपणा मुबलक आहे.

विष्णुपंत

*

तिसगाव,
ता. ९ जुलै १९४७

तीर्थस्वरूप पंतांस गोरक्षनाथचा साष्टांग नमस्कार.

जसं बोलतो तसं लिहितो. चुका काढाल हे ठाऊक हाय.

पत्र आलं तेव्हा मी पेरणीत. टपालवाला बांधावरनंच ओरडला, "गोरक्षा, शाळंचं पत्र हाय! तीन वर्सानी नापास केलं काय रं तुला?" पाभरीवरचा गडी हसून खाली बसला. घरी आणून मायला वाचून दाखवलं. माय म्हनली, "त्यो चष्म्याचा कारकून व्हय? अजून तुज्या पायतानाच्या मागं हाय?" मग म्हनली, "पर बघ, पायतान हातात घेतलेलं त्येनीच बघितलं. आन् कुनी बघितलं?"

आता चुका. माझा दम एक्केचाळीस सेकंद हुता, अडतीस न्हाई. समद्या संघाला ठाऊक हाय. तीन सेकंद तुम्ही कुठं ठेवले तेवढं बघा, तुमच्या कपाटात सापडतील.

सुचित्राचं बरोबर हाय. ती आता राहात्याला सासरी असते. मागं बाजारात दिसली. मी "सुचित्रा" म्हनलो तर तिच्या दिरानं असं बघितलं की मी लगेच "सुचित्राबाई" म्हनलो. ती हसली. म्हनजे हसते ती, तेवढी दुरुस्ती करा.

शामकांतचं बी खरं हाय, पर आरधंच हाय. निऱ्या सुटल्यावर त्यो पुढलं समदं विसरला हुता. ते तुमच्या वहीत कुठं न्हाई.

आनि पंत, एक विचारतो. राग मानू नका. तुम्ही अकरा ओळखी लिहिल्यात. आमी बारा जन हुतो.

मायचा रामराम.

गोरक्षनाथ

*

बेलापूर,
ता. १७ जुलै १९४७

चि. गोरक्षनाथ यास आशीर्वाद.

दम अडतीस सेकंदच. घड्याळ मी पाहिले होते. तुम्ही खेळत होता.

बाराव्याविषयी. ती ओळख पुन्हा लिहिण्याची गरज नाही. वाळवीने अंकाचे एक पान शाबूत ठेवले, ते तेच. त्यावरचा मजकूर असा:

"माधव विष्णु निसळ. उपस्थिती समाधानकारक. शाळेच्या कार्यक्रमांत उल्लेखनीय भाग नाही."

तू विचारलेस म्हणून कारणही लिहितो. त्या वर्षी समितीतले एक गृहस्थ दहा जणांत म्हणाले होते, "यंदा कारकूनसाहेबांचे चिरंजीव मॅट्रिकला आहेत. बघू, आपल्या पोराला केवढं पान देतात ते!" मी दोन ओळी दिल्या. उरलेले पान कोरे ठेवले. त्यानंतर त्या गृहस्थांना काही बोलता आले नाही. न्याय करायचा तर घरापासून करावा, असे मला वाटले. अजूनही नियम म्हणून त्यात चूक दाखवता येणार नाही.

समारंभात त्याने ते वाचले. मुख्याध्यापक म्हणाले, "हं, पुढे?" तो म्हणाला, "एवढंच आहे, सर." लोक हसले. चेष्टेने नव्हे, त्याची पुढची पाने हरवली असे त्यांना वाटले.

मार्चमध्ये तो तुमच्याबरोबर परीक्षेला नगरला गेला. शेवटच्या पेपरानंतर संध्याकाळच्या गाडीने तुम्ही अकरा जण उतरलात. मी स्टेशनवर होतो. गार्डाने हिरवा कंदील दाखवीपर्यंत थांबलो. जूनमध्ये कार्ड आले: "पास झालो. सुखरूप आहे." पत्ता नाही, शिक्का सोलापूरचा. त्याला तीन वर्षे झाली.

तू त्याच्या शेजारी बाकावर बसत होतास. त्या कोऱ्या जागेत लिहिण्यासारखे काही तुला ठाऊक आहे का? मला वही चाळून काही सापडत नाही. स्नेहसंमेलनात मी पहिल्या रांगेत बसून टिपणे घेत होतो. सामन्यांना रेषेवर उभा होतो. तो कोठे होता याची नोंद नाही.

ही माहिती केवळ अंक पुरा व्हावा म्हणून हवी आहे.

विष्णुपंत

*

तिसगाव,
ता. २४ ऑगस्ट १९४७

तीर्थस्वरूप पंतांस साष्टांग नमस्कार.

उशीर झाला. पंधरा तारखेच्या गडबडीत हुतो. गावात झेंडा लागला, सकाळी फेरी निघाली, पोरांनी लेझीम धरली. निम्म्या लेझमांच्या चकत्याच गळालेल्या, वाजतच नव्हत्या. तवा माधवचं आठवलं. आपल्या शाळंच्या लेझमा कोन नीट करायचं? तुम्हाला वाटत आसंल ड्रिलमास्तर. न्हाई. माधव. मधल्या सुटीत लिंबाखाली बसून तारेनं एकेक चकती ओवायचा. संमेलनाला समदी रांग वाजत गेली ती त्याच्या हातची. आन् त्यो रांगेत नव्हता, कारन एक लेझीम कमी हुती.

आता शामकांतचं उरलेलं आरधं ऐका. निऱ्या सुटल्या, शामकांत गारठला, एक शब्द सुचंना. विंगेत पुस्तक घेऊन माधव. त्यात विंगेतली बत्ती गेली. पुस्तकात काळं का पांढरं ते दिसंना. माधवनं समदा प्रवेश अंधारात बसून तोंडपाठ सांगितला. राणीचा, परधानाचा, समद्यांचा. इतका हळू की पहिल्या रांगेला बी ऐकू गेलं न्हाई. पहिल्या रांगेत तुम्ही हुता.

हुतुतूला आमची सदरी-टोप्या त्याच्याकडं. हरलो की त्यो काय बोलायचा न्हाई, ज्याची त्याची टोपी त्याच्या हातात द्यायचा. इतर लोक लई बोलायचे.

स्काऊटच्या शिबिराला नदीवर सकाळचा बिगुल बी त्योच वाजवायचा.

लिहिन्यासारखं काय हाय, म्हनून विचारलंत. पंत, तुम्ही जेवायला बसता तवा डाव्या हाताला डिक्शनरी उघडी ठेवता. त्यो वाढून घेतो, जेवतो, उठतो, ताट घासून पालथं घालतो. तुम्ही पान उलटता. तेव्हा लिहिन्यासारखं असून बी उपेग काय?

हे जरा जास्त झालं. पर लिहिलंय ते खोडत न्हाई.

गोरक्षनाथ

*

बेलापूर,
ता. ७ सप्टेंबर १९४७

चि. गोरक्षनाथ यास आशीर्वाद.

तुझे पत्र मी चार वेळा वाचले. जास्त काही झालेले नाही.

शामकांत हल्ली मनमाडला रेल्वेत आहे. त्याला पत्र टाकून नाटकाचे विचारले. त्याने लिहिले, "होय पंत, माधव नसता तर मी रडलो असतो. राणी रडली असती तर लोकांना नाटकातलंच वाटलं असतं, म्हणून वाचलो असतो एवढंच." लेझमा मी स्वतः काढून पाहिल्या. एकूण छत्तीस. त्यांतल्या तेवीस लेझमांच्या चकत्या तारेने ओवलेल्या आहेत, आणि प्रत्येक तारेचे टोक आत वळवले आहे, बोटाला लागू नये म्हणून. या लेझमा गेली तीन वर्षे माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीच्या मागे आहेत.

ओळख लिहिली. तुला तपासायला पाठवत आहे.

"माधव. नाटकात याला भूमिका नव्हती. सर्व भूमिका याच्याकडे होत्या. विंगेतील बत्ती गेल्यावर संपूर्ण प्रवेश अंधारात सांगितला. टाळ्या पडल्या तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. शाळेच्या छत्तीस लेझमांपैकी तेवीस याने दुरुस्त केल्या. संमेलनात लेझीम पाहणाऱ्यांनी रांगेकडे पाहिले. आवाज ज्याचा होता तो लिंबाखाली उभा होता. हुतुतूच्या सामन्यात संघाचे कपडे सांभाळणे हे काम कोणी याला दिले नव्हते, आणि कोणी याच्याकडून काढूनही घेतले नाही. हरलेल्याशी कसे वागावे हे याला समजते. हे शिकवण्याची सोय कोणत्याही इयत्तेत नाही. स्काऊटच्या शिबिरात नदीकाठी दव पडलेले असताना सर्वांआधी उठून बिगुल वाजवी. प्रवरेच्या पलीकडच्या तीरावरची माणसे त्या आवाजावर उठत. घरी हा फार थोडे बोले. ऐकणारा कामात असे."

बिगुलाची माहिती मला नवी होती. आभारी आहे.

कोऱ्या पानावर ही बरोबर मावली. तळाशी बोटभर जागा उरली आहे.

तुझ्या आई बनुबाईंस नमस्कार सांग. त्यांनी पायताणाविषयी जे म्हटले ते मी वहीत उतरवून ठेवले आहे.

विष्णुपंत

*

तिसगाव,
ता. २७ सप्टेंबर १९४७

तीर्थरूप अण्णांस माधवचा साष्टांग नमस्कार.

मी मे महिन्यापासून इथे गोरक्षच्या घरी राहतो. गावातल्या शाळेत तिसरी शिकवतो. वर्गात अठ्ठेचाळीस मुले आहेत. सोलापुरात गिरणीच्या शाळेत होतो, तिथून आलो. तुमची पत्रे गोरक्ष मला वाचायला देत होता. तुम्हाला कळवू नकोस असे मी त्याला बजावले होते. त्याला बोल लावू नये.

ओळख वाचली. तीत एक चूक आहे. मी बिगुल कधीही वाजवलेला नाही.

ते वाक्य मी सांगून घालायला लावले. गोरक्ष तयार नव्हता. म्हणाला, "म्हाताऱ्याला असं फसवू नगंस, लई पाप लागंल." मी म्हणालो, घाल. मला पाहायचे होते. मी सतरा वर्षे तुमच्याबरोबर दोन खोल्यांत राहिलो. बिगुल वाजवणारे पोर घरात असते तर सराव घरीच झाला असता, गल्लीने दगड मारले असते. तुम्ही गोरक्षचे तीन सेकंद अजून सोडत नाही. लेझमा मोजल्यात. शामकांतला पत्र टाकून खात्री केलीत. आणि माझ्या तोंडाला अख्खा बिगुल लावलात तो एका वाक्यावर विश्वासून. वर दव तुमच्या पदरचे. नदीपलीकडची माणसेसुद्धा उठवलीत. गोरक्षला म्हणालो, बघ, यांना खरेच काही माहीत नाही.

बाकीचे खरे आहे.

दुसरे म्हणजे, दोन ओळींवर रागावून मी गेलो असे तुम्ही धरून चालला आहात. तसे नाही. ते समितीचे गृहस्थ काय म्हणाले होते ते मलाही ठाऊक होते. दोन ओळी मिळतील हे मी धरूनच होतो. पण वाचताना मी तुमच्याकडे पाहिले. तुमच्या मांडीवर कच्ची वही होती. मी लिहिल्याप्रमाणे वाचतो की नाही, ते तुम्ही बोट ठेवून तपासत होता. दोन ओळींवर बोट, अण्णा. मी थांबलो तरी वर पाहिले नाहीत.

तेव्हा ठरवले.

इथे मी जेवत असलो की बनुमावशी समोर येऊन बसतात. "बोल की रं," म्हणतात, "गिळतोस नुसता." पहिले काही दिवस मला घास उतरत नव्हता. समोर कोणी बसले की काय करायचे ते ठाऊक नव्हते. आता बोलतो.

प्रकृतीस जपावे.

माधव

*

बेलापूर,
ता. १ ऑक्टोबर १९४७

चि. माधव यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. पाकिटावरचे अक्षर ओळखले. भीमाने टेबलावर ठेवले तेव्हा खिडकीशी दाखल्यासाठी एक बाई उभ्या होत्या. त्यांचे काम पुरे केले, मग दार लोटून घेतले आणि वाचले.

एकेक मुद्दा घेतो.

बोटाविषयी. खरे आहे. मी बोट ठेवले होते. वर पाहायचा धीर झाला नाही, असे आज लिहिता येईल, आणि ते वाचायला बरेही वाटेल. पण तेव्हा तेच कारण होते याची मला खात्री देता येत नाही, म्हणून लिहीत नाही. बोट होते, हे मान्य आहे.

बिगुलाविषयी. शाळेत बिगुल एकच. तो माझ्या कपाटात असतो आणि किल्ली माझ्या जानव्याला. तुमच्या वर्षी तो तुमच्याच वर्गातला काकासाहेब नेत असे; प्रत्येक वेळी नेल्याची आणि आणल्याची त्याची सही आहे. शिबिराच्या यादीत "बिगुल" या शब्दापुढे त्याचेच नाव आहे आणि यादी माझ्या अक्षरात आहे. गेल्या पंधरा ऑगस्टला मीच तो बिगुल पुसून बाहेर काढला होता. गोरक्षचे पत्र वाचले त्याच क्षणी ते वाक्य खोटे आहे हे मला ठाऊक होते.

त्याच पत्रात दुसरे वाक्य होते, जेवताना डाव्या हाताला डिक्शनरी असते ते. गोरक्ष आपल्या घरी जेवणवेळी कधी आलेला नाही. जेवणवेळी आपल्या घरी कोणीच आलेले नाही, तुझी आई गेल्यापासून. तेव्हा हे सांगणारा दुसराच कोणी आहे आणि तो गोरक्षच्या शेजारी बसला आहे, हे उघड झाले. मग बिगुलही त्यानेच घातला असणार, हेही. मी पत्र खाली ठेवले आणि आवारात एक फेरी मारून आलो. तीन वर्षांत तू कोठे आहेस ते मला प्रथमच कळले होते.

त्याच दिवशी गाडीत बसून तिसगावला यावे असे मनात आले. आलो नाही. तू पत्ता दिला नव्हतास. न दिलेल्या पत्त्यावर जाणे बरे नव्हे.

मग विचार केला. तू चूक घालून माझी परीक्षा पाहत होतास. मी ती चूक दाखवून दिली असती तर मी पास झालो असतो आणि प्रकरण मिटले असते. तुला मला लिहायचे काही कारण उरले नसते. चूक तशीच ठेवली तर तू चार दिवस गप्प राहशील, आठ दिवस राहशील, पण तुझ्याच्याने राहवणार नाही. कागदावर चुकीचे काही उभे असलेले तुला सहन होत नाही. हे कोणाकडून आले ते तुला ठाऊक आहे. म्हणून वाक्य ठेवले. दव घातले. पलीकडच्या तीरावरची माणसे उठवली, म्हणजे तुला अधिक राग यावा. जाणूनबुजून खोटे असे मी आयुष्यात तेवढेच लिहिले आहे. मला वाटले होते बारा दिवस लागतील. तू वीस लावलेस.

पण यावरून माझी बाजू खरी ठरली असे मी म्हणत नाही. तुझा सवाल होता, मुलाची काही माहिती आहे का. मला कपाटाची माहिती होती. मुलाची नव्हती. कपाट नसते तर बिगुल मी खरा मानला असता, आणि त्याबद्दल मला अभिमानही वाटला असता.

स्वतः पाहिलेले असे माझ्याकडे एकच आहे. समारंभ संपल्यावर सगळे चहाकडे गेले. तू सभागृहात मागे राहून सतरंज्यांच्या घड्या घातल्यास. एकट्याने. लांब सतरंजीला दोन माणसे लागतात. तू एक टोक खिडकीच्या गजाला अडकवलेस, दुसरे धरून चालत आलास आणि कडेला कड जुळवलीस. सात सतरंज्या. मी दारात उभा होतो. आत येऊन दुसरे टोक धरायला हवे होते. ओळख वाचून झाली होती म्हणून हे कोठे लिहिले नाही. काल रात्री पानाच्या तळाशी बोटभर जागा उरली होती तेथे लिहिले. बारीक अक्षरात मावले.

अठ्ठेचाळीस मुले म्हणजे पुष्कळ झाली. त्यांची नावे तुला पाठ असतील.

आता बिगुलाचे वाक्य तेवढे खोडायचे राहिले आहे. ते मी खोडलेले नाही. पक्क्या प्रतीत खाडाखोड करायची तर ज्याची ओळख असेल त्याची सही समासात लागते, आणि ती समक्ष घ्यावी लागते. टपालाने चालत नाही.

हा नियम मी आजच केला आहे.

तुझा
अण्णा